फॉरवर्डिंगचा नियम जागेवर, तरी बाहेरून घरचा कॉम्प्युटर लागत नाही

“अगं, परत बंद पडलंय.”

नाशिकहून दादाचा फोन आला आणि पहिलंच वाक्य हे असलं की मी गॅस बारीक करून लॅपटॉप उघडते. बंद पडलेलं असतं ते गिरगावात, आमच्या चाळीतल्या खोलीच्या पोटमाळ्यावर, बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर. चाळीच्या गणेशोत्सवात झालेल्या एकांकिका, भजनं, पेटीवादन हे सगळं बाबांनी वर्षानुवर्षं कॅसेटवर भरून ठेवलं होतं. दोन पावसाळे खर्चून मी ते कॉम्प्युटरवर चढवलं. जेलीफिन नावाचा एक फुकट प्रोग्रॅम ते पोर्ट ८०९६ वरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या क्रमांकाच्या दारातून, ऐकवतो. दादा नाशिकहून ऐकतो, मावशी सांगलीहून, मी बोरिवलीहून. त्यासाठी गिरगावच्या राउटरमध्ये बराच काळ एका ओळीचा नियम होता: बाहेरून ८०९६ वर कोणी आलं तर त्याला १९२.१६८.१.५० या कॉम्प्युटरकडे पाठव. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

चालतं तेव्हा महिनोन्‌महिने चालतं. मग एक दिवस बंद, आणि तो दिवस हटकून गणपतीच्या आठवड्यातला. आजवर सात-आठ वेळा तरी हे झालंय. प्रत्येक वेळी मी आधी काय केलं, तर राउटर उघडून नियम पुसला, पुन्हा लिहिला, राउटर बंद-चालू केला. आणि दोन खेपा सोडल्या तर नियमात काहीच चूक नव्हती. बिघाड त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे होता. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की नियमाला हात लावू नका, बाहेरून आलेलं पॅकेट, म्हणजे नेटवरून येणारी माहितीची पुडी, कुठपर्यंत पोचतंय ते आधी शोधा.

१९८०च्या दशकातल्या चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना पी.पी. नंबर आठवेल. आमच्याकडे फोन तळमजल्यावरच्या वाण्याकडे होता. लग्नपत्रिकेत त्याचाच नंबर छापायचा आणि पुढे बारीक अक्षरांत ‘पी.पी.’. आपल्याला कुणाला फोन करायचा असेल तर प्रश्न नव्हता, खाली जा, पैसे ठेवा, नंबर फिरवा. अडायचं ते बाहेरून येणाऱ्या फोनचं. वाण्याला आधी सांगून ठेवलेलं असेल की अमक्यांना फोन आला तर दुसऱ्या मजल्यावर हाक मारा, तरच तो हाक मारणार. नाहीतर “इथं कोणी नाही” म्हणून ठेवून देणार. राउटर हा तो वाणी. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळ्या जगात मिळून साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकातच दिसलं होतं, म्हणून घराला एक पत्ता आणि आतल्या यंत्रांना खासगी पत्ते अशी सोय झाली. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते १९९६ पासून त्यासाठीच राखून ठेवलेले आहेत. हे पत्ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. फॉरवर्डिंगचा नियम म्हणजे वाण्याला देऊन ठेवलेला निरोप.

तपासायला सुरुवात करण्याआधी फोनचं वायफाय बंद करा

हे मी ठळक सांगते, कारण घरात बसून, घरच्याच वायफायवरून, घराचा बाहेरचा पत्ता टाकून बघणारे निम्मे तरी लोक असतात. आतून निघालेलं पॅकेट राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत वळणं हे प्रत्येक राउटरला जमत नाही. जमत नसेल तर बाहेरच्यांना व्यवस्थित लागत असूनही तुम्हाला ‘बंद’ दिसेल, आणि तुम्ही चालू गोष्ट दुरुस्त करायला बसाल. मोबाइल डेटावरून तपासा. नाहीतर शेजारच्या काकूंच्या वायफायवरून.

पोर्ट उघडा आहे का ते सांगणाऱ्या वेबसाइटवर जाणार असाल तर आतल्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम चालू ठेवून जा. ऐकणारं कोणी नसेल तर राउटरने कितीही इमानेइतबारे पॅकेट पोचवलं तरी ती वेबसाइट ‘बंद’ म्हणूनच सांगणार. शिवाय पॅकेटं पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत, आणि या वेबसाइट बहुतेक टीसीपीपुरत्या असतात. यूडीपीचं त्यांना कळत नाही.

राउटरचा पत्ता खरंच तुमचा आहे का?

बाकी सगळं करण्याआधी दोन मिनिटं इथे द्या, कारण उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं काहीही केलं तरी पाण्यात. राउटरच्या सेटिंगमध्ये स्टेटसचं पान असतं, त्यात ‘वॅन’ (म्हणजे राउटरची बाहेरची बाजू) किंवा ‘इंटरनेट’ या सदराखाली एक पत्ता दिसतो. तो कागदावर लिहा. मग त्याच घरातून, त्याच वायफायवरून, ‘माझा आयपी काय’ हे सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर पुढच्या भागाकडे जा. वेगळे असतील तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये आणखी एक वाणी बसलाय.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर तो कंपनीचा सामाईक पत्ता आहे, यात शंका नाही. याला सीजीनॅट म्हणतात. आशिया-प्रशांत भागाचे मोकळे पत्ते २०११ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आले आणि २०१२ मध्ये हा तुकडा कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी वेगळा काढला गेला. त्यात जेमतेम ४२ लाख पत्ते आहेत, पण ते प्रत्येक कंपनी आपापल्या आत पुन्हा पुन्हा वापरू शकते. म्हणजे वाण्याचा फोन वाण्याचाही नाही, कुठल्यातरी मोठ्या ऑफिसच्या बोर्डाचं ते एक्स्टेंशन आहे. बाहेरचा माणूस ऑफिसचा नंबर फिरवतो, ऑपरेटर उचलतो, आणि त्या ऑपरेटरला वाणी माहीत नसतो, तुम्ही तर नाहीच नाही. वाण्याला कितीही निरोप देऊन ठेवा, त्याच्यापर्यंत घंटा वाजतच नाही.

आमच्याकडे हे एका सोमवारी झालं. रविवारी रात्री दादाने एकांकिका ऐकली, सोमवारी बंद. मधल्या वेळात कंपनीने ‘अपग्रेड’ केलं होतं. वेग वाढला, पत्ता गेला. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, “मॅडम, नेट चालू आहे ना?” चालू होतं, त्याला मी तरी काय म्हणणार. ‘पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही’ ही तक्रार तिथे कुणाच्या यादीत नसते. दोन दिवसांनी मी शब्द बदलले आणि “मला स्टॅटिक आयपी हवाय, किती पडेल?” असं विचारलं. स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त आपला, न बदलणारा पत्ता. पाच मिनिटांत उत्तर आलं. विक्रीचा प्रश्न विचारला की दारं उघडतात, हा मुंबईचा जुनाच अनुभव.

स्टॅटिक आयपीला वेगळे पैसे पडतात आणि सगळ्याच कंपन्या घरगुती जोडणीवर तो देत नाहीत. दुसरा रस्ता आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा. तिथे पत्ते इतके आहेत की प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो. फॉरवर्डिंग लागतच नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती पॅकेटं अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, त्या यंत्रापुरतं दार उघडलं की झालं. पण समोरच्याकडेही आयपीव्ही६ असावं लागतं. दादाच्या मोबाइलवर होतं, घरच्या वायफायवर नव्हतं. त्यामुळे गच्चीत लागायचं आणि दिवाणखान्यात नाही, आणि तो मलाच वेड्यात काढायचा.

तिसरा रस्ता उलटा. बाहेरून आत येता येत नाही, तर आतून बाहेर जाऊन दार धरून ठेवायचं. टेलस्केलसारखे प्रोग्रॅम हेच करतात. दोन्ही बाजूंच्या यंत्रांवर घातला की सीजीनॅट आडवं येत नाही. एक गंमत लक्षात ठेवा, टेलस्केल आपल्या यंत्रांना पत्ते देतो तेही १००.६४ ते १००.१२७ या तुकड्यातलेच. कॉम्प्युटरवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणून घाबरू नका, बघायचा तो राउटरच्या वॅनचा.

एका घरात दोन राउटर

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर दुसरा वाणी बहुधा तुमच्याच घरात, भिंतीवर आहे. फायबर आणून देणारा पांढरा डबा हल्ली स्वतःच राउटर असतो. लोकांना त्याचं वायफाय पुरत नाही, म्हणून ते बाजारातून चांगला राउटर आणून त्याच्या मागे जोडतात. झाले दोन. बाहेरचं पॅकेट पांढऱ्या डब्याशी येतं, आणि तुमचा नियम आतल्या राउटरमध्ये. दोघांची ओळखच नाही.

पर्याय तीन. पांढऱ्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकून नुसती तार बनवायचं, पण त्यासाठी कंपनीकडून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक लागतो आणि तो देताना लोक आढेवेढे घेतात. किंवा दोन्हींत नियम लिहायचा: बाहेरचा आतल्या राउटरकडे पाठवेल, आतला कॉम्प्युटरकडे. चालतं, पण सहा महिन्यांनी यातलं एक विसरायला होतं. मला तिसरा आवडतो. आतल्या राउटरचं राउटरपण काढून घ्या. त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्या, आणि तार त्याच्या वॅनच्या भोकातून काढून लॅनच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या, भोकात घाला. तो आता नुसता वायफाय देईल आणि नियम फक्त पांढऱ्या डब्यात राहील.

पावसाळ्यात गच्चीवरून येणारी जुनी तार कुजली म्हणून आमच्याकडे फायबर आलं, त्या वेळी मी हेच केलं. बोरिवलीहून स्लो लोकलने चर्नी रोडला उतरले, दुपारभर पोटमाळ्यावर वाकून बसले, सगळं नीट जोडलं. आणि लागेना. अर्धा तास डोकं खाजवून मी ठरवलं की माझंच चुकलं, आणि सगळं पूर्ववत केलं. इथे मी चुकले. जोडणी बरोबरच होती. तिच्यामुळेच दुसरा बिघाड उभा राहिला होता.

तो असा. विंडोज घराचं नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः दारावरच्या राउटरवरून. दारावर आधी माझा जुना राउटर होता, आता पांढरा डबा आला. विंडोजच्या लेखी हे नवीन, अनोळखी नेटवर्क. अनोळखी नेटवर्कला ते ‘पब्लिक’ समजतं आणि फायरवॉल आवळून घेतं, जणू आपण स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलोय. जेलीफिनला दिलेली परवानगी ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरतीच होती. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ केला की विषय संपतो, एक टिचकी. त्या एका टिचकीसाठी मी पुढच्या रविवारी परत गिरगावला गेले. एका वेळी दोन बिघाड असू शकतात, आणि पहिला दुरुस्त झाल्याची कुठलीही खूण तुम्हाला दिसत नाही, कारण बाहेरून दिसतं ते तेच: लागत नाही.

कॉम्प्युटर ऐकतोय का, आणि कुणाचं ऐकतोय

आता आतली बाजू. घरातल्याच दुसऱ्या यंत्रावरून, आईच्या फोनवरून म्हणा, थेट १९२.१६८.१.५० आणि पुढे ८०९६ टाका. लागलं नाही तर राउटरकडे बघूच नका, दोष त्या कॉम्प्युटरचा.

कमांड प्रॉम्प्टमध्ये netstat -ano चालवलं की कोणता पोर्ट कोण ऐकतंय याची यादी येते. तिथे ८०९६ च्या आधी ०.०.०.० असेल तर प्रोग्रॅम सगळ्यांचं ऐकतोय. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःचं ऐकतोय, कान बंद करून गुणगुणणाऱ्या माणसासारखं. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ते बदलावं लागतं. यादीत कॉम्प्युटरचा जुना पत्ता दिसत असेल तर तेही कारण झालं.

पत्त्यावरून आठवलं. नियम १९२.१६८.१.५० कडे बोट दाखवतो, पण कॉम्प्युटर आज तिथेच राहतो कशावरून? एकदा लाइट गेली, आली, सगळी यंत्रं एकदम उठली आणि .५० हा पत्ता बाबांच्या टीव्हीला मिळाला. दादा नाशिकहून आमच्या टीव्हीचं दार वाजवत होता. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवा. राखीव पत्ता नेटवर्क कार्डाच्या मॅक क्रमांकाला, म्हणजे त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेला असतो, आणि तारेचं कार्ड वेगळं, वायफायचं वेगळं. तारेसाठी राखलात आणि कुणी तार काढून वायफाय लावलं तर राखीव जागा रिकामीच राहते.

घरातून लागतं, बाहेरून नाही, आणि पॅकेट राउटर ओलांडून आत येतंय असं असेल तर फायरवॉलच्या नियमातली ‘लोकल सबनेट’ ही अट बघा. घरातल्याच पत्त्यांना परवानगी द्यावी, अशी ती अट. राउटर पॅकेट आत पाठवताना सहसा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरला ते नाशिकहून आलेलंच दिसतं आणि तो दार लावतो. लिनक्सवर फायरवॉल लावणारे लोक सुरक्षेच्या उत्साहात हीच अट स्वतःच्या हाताने लिहितात आणि नंतर विसरतात.

उत्तर दुसऱ्याच दारातून जातं

माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या त्या यानेच, आणि चूक शंभर टक्के माझी होती.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं. महिनाभर मी गिरगावातच अडकले होते आणि केबलवाल्याचं नेट दिवसातून तीनदा जायचं. म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली. तिचा राउटर त्याच स्विचला लावला, पत्ता १९२.१६८.१.२५४. एका दुपारी पहिलं नेट गेलं, मीटिंग डोक्यावर होती, मी डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरला आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून .१ च्या जागी .२५४ टाकला. मीटिंग झाली. तो आकडा तिथेच राहिला.

पुढे काय दिसत होतं बघा. पहिल्या राउटरचा वॅनचा पत्ता खरा. नियम बरोबर. घरातून जेलीफिन लागतं. कॉम्प्युटरवर नेट चालतं. फायरवॉल पूर्ण बंद करून पाहिली, तरी बाहेरून लागत नाही. माझा सगळा शहाणपणा संपला तेव्हा मी वायरशार्क लावलं. हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डावरून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट दाखवतो. फक्त ८०९६ ची पॅकेटं दाखव असं सांगितलं आणि मोबाइल डेटावरून पत्ता उघडला.

तीनच गोष्टी दिसू शकतात. काहीच येत नसेल तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या बाहेर आहे, कॉम्प्युटर सोडा. पॅकेट येतंय आणि कॉम्प्युटर गप्प आहे, तर फायरवॉल. विंडोजची फायरवॉल पॅकेट टाकून देते त्याच्या आधीच वायरशार्कला ते दिसतं, त्यामुळे फसायला होत नाही. आणि पॅकेट येतंय, कॉम्प्युटर उत्तर देतोय, तरी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा येतंय, तर उत्तर पोचत नाही.

माझ्याकडे तिसरं होतं. उत्तर कुणाच्या मॅक क्रमांकाकडे जातंय ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हाक पहिल्या दाराने आत आली, कॉम्प्युटरने ‘ओ’ दिली ती दुसऱ्या दाराकडे तोंड करून. त्या राउटरला मुळात कुणी हाक मारलेलीच नव्हती, त्याने ते पॅकेट टाकून दिलं असेल किंवा आपल्याच पत्त्याने पुढे पाठवलं असेल. माझ्या फोनला काहीही झालं तरी ते उपयोगाचं नव्हतं, कारण त्याने हाक मारली एका पत्त्याला आणि उत्तर येणार दुसऱ्याच पत्त्यावरून. असं उत्तर तो ओळखत नाही. गेटवे पुन्हा .१ केला, दहाव्या सेकंदाला पेटी वाजायला लागली.

म्हणून घरात दोन जोडण्या असतील, किंवा त्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल, तर नियमाआधी कॉम्प्युटरचा गेटवे बघा. पत्ता हाताने भरण्यापेक्षा राउटरमध्ये राखून ठेवा असं मी सांगते, त्याचं एक कारण हेही आहे. हाताने भरलेले आकडे राउटर बदलला तरी जुनेच राहतात.

नावाचा घोळ

स्टॅटिक आयपी नसेल तर बाहेरचा पत्ता राउटर बंद-चालू झाल्यावर बदलू शकतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस वापरतात: एक कायमचं नाव, आणि पत्ता बदलला की राउटर त्या नावाखाली नवा पत्ता नोंदवतो. बिघडलं की आधी ते नाव आत्ता कुठल्या पत्त्याकडे बोट दाखवतंय ते पिंग करून बघा आणि राउटरच्या वॅनशी ताडा. पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल, आपल्याला फक्त पत्ता वाचायचाय. सीजीनॅटच्या मागचे काही राउटर भोळेपणाने आपला १०० चा पत्ताच नोंदवून मोकळे होतात.

नियमच गेला, त्या दोन खेपा

एकदा कंपनीने दुरूनच पांढऱ्या डब्यात नवीन सॉफ्टवेअर घातलं आणि माझ्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. कंपनीने दिलेल्या डब्यांना असं दुरून हाताळण्याची सोय असते. तेव्हापासून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवते. दुसऱ्यांदा नेट मंद झालं म्हणून आईने तक्रार केली, एक मुलगा आला, आणि त्याने आईच्याच भरतकामाच्या डब्यातली टाचणी मागून घेऊन रीसेटच्या भोकात दाबली. “काकी, आता बघा कसं पळतंय.” पळत होतं खरं.

नियम परत लिहिताना टीसीपी की यूडीपी हे बघा. आणि बाहेरचा पोर्ट व आतला पोर्ट या दोन रकान्यांत उलटापालट करू नका. दोन्ही सारखे असतील तर प्रश्न नाही, वेगळे असतील तर हमखास होते. बाहेरून ८० किंवा ४४३ (वेबसाइटचे नेहमीचे पोर्ट) वापरायचे असतील तर राउटरचं स्वतःचं सेटिंगचं पान तिथे बसलेलं नाही ना, हेही.

काय उघडू नये

हे सगळं जमलं म्हणून वाटेल ते उघडू नका. विंडोजचा फायली वाटायचा ४४५ नाही, दुसऱ्याचा स्क्रीन चालवायचा ३३८९ नाही, आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं पान तर अजिबात नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून असेच कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरलं ते ४४५ च्याच वाटेने. राउटरमधलं यूपीएनपीही बंद करा, नाहीतर घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता असे नियम लिहून घेतं.

मीही ८०९६ उघडा ठेवायची ती चूकच होती. त्यावरून पासवर्ड उघडाच जात होता. आता बाहेरून फक्त वायरगार्डचा यूडीपी ५१८२० उघडा आहे. वायरगार्ड हे एक व्हीपीएन, दोन यंत्रांमधला कुलूपबंद बोगदा, आणि जेलीफिन त्या बोगद्याच्या आत. पहिल्या दिवशी सवयीने नियमात टीसीपी निवडलं आणि तासभर घालवला. वायरगार्डची आणखी एक खोड म्हणजे योग्य किल्ली नसलेल्या माणसाला तो ‘नाही’ असंही म्हणत नाही, गप्प बसतो. त्यामुळे पोर्ट तपासायच्या वेबसाइट इथे काही कामाच्या नाहीत. शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही बाजूंची किल्ली जुळण्याची खूण, कधी झाला ते वायरगार्ड स्वतःच दाखवतो, तेवढंच बघायचं. मावशीच्या फोनमध्ये तो घालायला सांगलीला जावं लागलं नाही. तिच्या नातवाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि तिने आपल्या फोनने त्यातला क्यूआर कोड स्कॅन केला. दुसऱ्या मिनिटाला तिने १९८७ ची एकांकिका लावली आणि त्यात कोण कुठे वाक्य विसरलं होतं ते मला सांगायला सुरुवात केली.

गिरगावच्या पांढऱ्या डब्यावर आता माझ्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: वॅनचा पत्ता, कॉम्प्युटरचा पत्ता, गेटवे, पोर्ट, आणि खाली ‘आधी मुलीला फोन करा’. रीसेटच्या भोकावर आईने जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. परवा तो मुलगा पुन्हा आला होता. त्याने विचारलं, “काकी, याला काय लागलं?”